अनलिमिटेड सुशी: काय मागवावं, काय टाळावं, कुठे फसगत होते (नाशिककरांसाठी)

द्राक्षवेल
कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या मेन्यूकार्डांवर सुशी आता नवलाई राहिलेली नाही. ठरलेला दर भरा आणि हवी तेवढी खा, हा प्रकार मात्र अजून बऱ्याच जणांना मुंबई-पुण्याला गेल्यावरच भेटतो. अनलिमिटेड थाळीच्या सवयीनं तिथे बसलं की गणित चुकतं. थाळीत वाढपी फिरत असतो, नको म्हटलं की पुढे जातो. इथे चिठ्ठीवर किंवा टॅबलेटवर जे लिहाल ते बनून येतं, आणि आलेलं संपवणं तुमच्याकडे लागतं.

नियम बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने असे असतात: बसायला ९० मिनिटं (कुठे १२०), शेवटची ऑर्डर वेळ संपायच्या १५ ते ३० मिनिटं आधी, टेबलावरच्या सगळ्यांनी अनलिमिटेडच घ्यायचं, उरलेल्या तुकड्यांचे वेगळे पैसे, पार्सल नाही. मुलांचा दर वयावर किंवा उंचीवर. साशिमी (भाताशिवाय कच्च्या माशाचे काप), ईल (सापासारखा लांबट मासा), माशाची अंडी हे कधी दरात धरलेलं असतं, कधी 'प्रत्येकी एकदाच', तर कधी जास्तीच्या दराच्या पॅकेजात. बसण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या: घड्याळ कधी सुरू होतं (बसल्यावर की पहिली ऑर्डर दिल्यावर), उरलं तर किती आकारता, काय वगळलंय आणि पाण्याची बाटली धरलीय का.

धाग्यावर हॉटेलांची नावं नकोत. आचारी बदलला की हॉटेल बदलतं. पद्धत लिहा.

सातपूरकर
सगळ्यात मोठा घोळ '१' या आकड्याचा. चिठ्ठीवर निगिरीपुढे (भाताच्या गोळ्यावर माशाचा काप) १ लिहिलं की कुठे एक नग येतो, कुठे दोन. रोलपुढे १ म्हणजे सहसा अख्खा रोल, म्हणजे भात बाहेर असलेल्या जाड रोलचे ८ तुकडे किंवा नोरी (शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा) बाहेर असलेल्या बारीक रोलचे ६. चार जणांनी आपापल्या मनाने एकेक रोल टिपला की पहिल्याच फेरीत तीस-बत्तीस तुकडे टेबलावर, आणि मागून टेम्पुरा (पिठात घोळवून तळलेली कोळंबी, भाज्या) येतोच आहे.

चिठ्ठी एकाच्याच हातात ठेवा. चौघांत एक जाड रोल म्हणजे प्रत्येकी दोन तुकडे, चवीला तेवढे पुरतात. पहिल्या फेरीत दोन रोल, प्रत्येकी दोन निगिरी आणि असेल तर साशिमी, बास. आवडलेलं दुसऱ्या फेरीत परत मागवता येतं, न आवडलेलं परत पाठवता येत नाही.

भाताचा_हिशोब
आकडे देतो, मग प्रत्येकाने आपलं पोट मोजावं.

निगिरीचा भात मुरलेल्या हाताचा असेल तर १५ ते २० ग्रॅम. अनलिमिटेडवाल्यांकडे २५ ते ३० ग्रॅमचा गोळा सर्रास दिसतो, वर मासा १० ते १२ ग्रॅम. बारीक रोलला अर्धी नोरी आणि साधारण ८० ग्रॅम भात. भात बाहेरच्या जाड रोलला १२० ते १५० ग्रॅम भात आणि आत मासा जेमतेम ३०-४० ग्रॅम, बाकी काकडी, अवोकॅडो, क्रीम चीज.

तीन जाड रोल एकट्याने संपवले की ४०० ग्रॅमच्या आसपास भात पोटात जातो, म्हणजे घरच्या मध्यम वाटीने साडेतीन वाट्या. तो भात साधाही नसतो. एक किलो कच्च्या तांदळाला दीडशे मिली तांदळाचा व्हिनेगर, ६० ते १०० ग्रॅम साखर आणि २० ग्रॅम मीठ हे नेहमीचं प्रमाण. शिजून त्याचा सव्वादोन किलोच्या वर भात होतो. म्हणजे त्या ४०० ग्रॅमात तीन-चार छोटे चमचे साखर आणि साडेतीन ग्रॅम मीठ. वर सोया सॉस मोठा एक चमचा घेतला तर आणखी अडीच ग्रॅमच्या आसपास मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम आहे. रात्री घसा कोरडा पडतो तो यामुळे, आणि लोक उगाच अजिनोमोटोला बोल लावतात.

पोट फुगल्यासारखं वाटायला लागतं ते जेवण सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी. तोपर्यंत दुसरी फेरी लिहून झालेली असते. दोन फेऱ्यांमध्ये दहा मिनिटं मोकळी सोडा, ९० मिनिटांत ती बसतात.

पंचवटीकर_पंत
म्हणजे सरळ सांगा ना, फक्त साशिमी मागवायची. भात कशाला खायचा? दर माशाचाच तर देतो आपण.

भाताचा_हिशोब
पंत, हॉटेलवाला हे तुमच्या आधी शिकलाय. म्हणूनच साशिमीवर 'प्रत्येकी ५ नग'चा शिक्का असतो. आणि निगिरीवरचा मासा खाऊन भात ताटलीत ठेवला तर तोही उरलेला धरून पैसे लावतात, तशी पाटी बऱ्याच ठिकाणी असते. भात सोड्याच्या बाटलीखाली लपवणारे सगळ्या वेटरना पाठ असतात.

वाफाळ
पंतांशी आणखी एका मुद्द्यावर असहमत. सुशीत परीक्षा भाताची असते. स्वयंपाकघर कसं आहे हे माशाआधी भात सांगतो.

पद्धत अशी: आखूड दाण्याचा जपानी तांदूळ पाणी नितळ होईपर्यंत धुवायचा, अर्धा तास भिजवायचा, तांदळाच्या मापाने सव्वापटीहून कमी पाण्यात शिजवायचा, झाकण न काढता १०-१५ मिनिटं वाफेवर मुरू द्यायचा. मग पसरट लाकडी भांड्यात काढून गरम असतानाच व्हिनेगरचं मिश्रण शिंपडायचं आणि उलथन्याच्या धारेने, भात कापल्यासारखं करत फिरवायचं. ढवळलं की दाणे मोडून लगदा होतो. वारा घालत अंगाला कोमट लागेल इतपत निववायचा आणि ओल्या कापडाखाली ठेवायचा. वाढताना तो कोमटच असायला हवा.

भात थंडगार आणि दाणा आतून टणक लागला तर तो फ्रीजमधून काढलेला आहे. शिजलेल्या भाताचा स्टार्च गारव्यात पुन्हा घट्ट होतो, सकाळचा भात संध्याकाळी फोडणीला बरा पडतो तो त्याच गुणामुळे. सुशीला तो गुण मारक. निगिरी उचलताच फुटली तर भात कोरडा पडलाय किंवा दाबला नाही. चावताना चिकट गोळा लागला तर पाणी जास्त किंवा दाब जास्त. भाताला आंबटपणाच नसेल तर उठावं असं माझं मत. चवीपलीकडेही त्याला कारण आहे: बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट, आम्ल नसलेल्या भातात वाढतात. व्हिनेगरमुळे भाताचा पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली गेला की त्यांची वाढ रोखली जाते. म्हणून तर सुशीचा भात फ्रीजबाहेर ठेवता येतो. तो आंबटपणा त्याचा पहारा आहे.

वेळ निवडता आली तर दुपारची पहिली बैठक किंवा संध्याकाळी साडेसात. भात सहसा दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा लागतो. रात्री दहाला जाणाऱ्याला तळ मिळतो.

इगतपुरीची_पोर
वाफाळ, आमच्याकडच्या इंद्रायणीची सुशी होते का? काही ठिकाणी तोच वापरतात म्हणे.

वाफाळ
होते, पण बेताची. इंद्रायणी चिकट आहे हे खरं, पण त्याला स्वतःचा वास आहे (आंबेमोहराच्या वंशातला तो) आणि तो वास व्हिनेगरशी भांडतो. दाणाही लांबट, त्यामुळे निगिरी नीट बांधली जात नाही. रोलमध्ये खपून जातो. घरी करणार असाल तर नवा तांदूळ घेऊ नका, गिचका होईल. वर्षभर जुना घ्या, पाणी नेहमीपेक्षा कमी. आंबेमोहर नको, वास आणखी पुढे येतो. अनलिमिटेड दरात मात्र इंद्रायणी वाढत असतील तर ताई, दर त्या मानाने हवा.

थंडपेटी
मुख्य प्रश्नाकडे. 'नाशिकला समुद्र नाही, मग कच्चा मासा ताजा कसा?' हे वाक्य प्रत्येक सुशीच्या गप्पांत येतं. प्रश्नच उलटा आहे. कच्चा खायच्या माशाला किनाऱ्यापेक्षा फ्रीजर जास्त महत्त्वाचा.

समुद्री माशांत अनिसाकिस नावाचा कृमी असतो. तो व्हिनेगरने, लिंबाने, वासाबीने (सोबतच्या झणझणीत हिरव्या पेस्टने) किंवा सोबत घेतलेल्या दारूने मरत नाही. शिजवून मरतो किंवा खोल गोठवून. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा दंडक: उणे २० अंशाला ७ दिवस, किंवा उणे ३५ ला घट्ट गोठवून त्याच तापमानात १५ तास. युरोपात उणे २० ला किमान २४ तास, पण माशाच्या गाभ्यापर्यंत. म्हणजे ससून डॉकवर पहाटे उतरलेला 'फडफडीत' मासा तसाच कच्चा खाणं हे मुंबईतही चुकीचंच, आणि नीट गोठवलेला मासा कसारा घाट चढून आला म्हणून वाईट होत नाही.

अपवाद दोन. एक, पिंजऱ्यात वाढवलेला, गोळीखाद्यावर पोसलेला अटलांटिक सामन (सॅमन). त्याला कृमींची लागण होण्याची संधीच जवळजवळ नसते, म्हणून तो न गोठवता चालतो. आपल्याकडे हॉटेलांत येणारा नॉर्वेचा सामन याच जातीचा, विमानाने बर्फात येतो. दोन, ट्यूनाच्या मोठ्या जाती. अमेरिकी नियमांत त्यांना गोठवण्यातून सूट आहे, तरी व्यापारात ट्यूना बहुधा गोठवलेलाच असतो. त्याचा लाल रंग टिकवायला उणे ६० च्या आसपासचे फ्रीजर लागतात. साध्या फ्रीजरात तो हळूहळू तपकिरी पडतो.

गंमत म्हणजे कच्च्या सामनची सुशी जपानची जुनी परंपरा नाही. प्रशांत महासागराच्या सामनमध्ये कृमी असायचे, म्हणून तो शिजवूनच खात. नॉर्वेने १९८० च्या दशकात जपानात मोहीम काढून आपला पिंजऱ्यातला सामन कच्चा खायला लावला. आज अनलिमिटेडचं निम्मं ताट त्यावर उभं आहे.

जंतूंचा मुद्दा वेगळा. गोठवल्याने कृमी मरतात, जंतू झोपतात. मासा वितळला की ते जागे होतात. म्हणून वितळवणं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, रात्रभर. ओट्यावर किंवा कोमट पाण्यात नाही. ताटलीत ओळखायच्या खुणा:
काप पाणी सोडतोय, ताटलीत ओघळ आहे: घाईने वितळवला किंवा परत गोठवला.
सामनच्या पांढऱ्या रेघांवर मांस फाकलंय, बोट लावलं की उकलतंय: जुना.
कडा कोरड्या, गडद: कापून उघडा ठेवलेला.
गाभ्यात बर्फाचे कण: अर्धवट वितळलेला. कापायला सोपा जातो म्हणून गर्दीत तसाच येतो. अपायकारक नाही, पण चव नाही.
ट्यूना लिपस्टिकसारखा गुलाबी: रंग टिकवायला कार्बन मोनॉक्साइड दिलेला असू शकतो. मग रंगावरून ताजेपणा ठरवता येत नाही, वासावरच जावं लागतं.

आणि वास. समुद्राचा हलका वास चालतो, मासळी बाजाराचा नाही.

सातपूरकर
'व्हाइट ट्यूना' या नावाने मिळणाऱ्या पांढऱ्याशुभ्र, लोण्यासारख्या काप्यांबद्दलही लिहा.

थंडपेटी
बरोबर आठवण केलीत. परदेशात त्या नावाखाली अनेकदा एस्कोलार विकला जातो. ट्यूनाशी त्याचा संबंध नाही. त्याच्या अंगात मेणासारखं तेल असतं, ते आपल्याला पचत नाही आणि जसंच्या तसं बाहेर येतं, कधीकधी न सांगता. जपान आणि इटलीत विक्रीला बंदी आहे. खरा पांढरट ट्यूना म्हणजे अल्बाकोर, तो फिकट गुलाबी असतो, खडूसारखा पांढरा कधीच नाही. संशय आला तर एक-दोन कापांवर थांबा. अनलिमिटेडमध्ये हा मासा धोक्याचा होतो तो प्रमाणामुळेच.

नाशिकरोडचा_राजा
घरी सुरमई आणून डीप फ्रीजरला आठवडाभर ठेवली तर साशिमी करता येईल ना मग? उणे २०, ७ दिवस, झालं.

थंडपेटी
नको. घरातला फ्रीजर बहुधा उणे १८ च्या आसपासच असतो, दार उघडझाप झाली की उणे १२. वीज गेली की तेही नाही. शिवाय गोठणं सावकाश होतं, मोठे स्फटिक पेशी फोडतात आणि वितळल्यावर मांस चिंधीसारखं होतं. तेवढ्यावर भागलं असतं तरी सुरमई, बांगडा, ट्यूना या कुळात हिस्टामीनचा प्रश्न आहे. पकडल्यावर काही तास उन्हात राहिला तर माशात हिस्टामीन तयार होतं. ते गोठवून जात नाही आणि तळूनही जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासा-दोन तासांत तोंड लाल, डोकं दुखणं, अंगावर गांधी. लोक त्याला माशाची अ‍ॅलर्जी समजतात. जिभेला तिखटसर चुणचुण लागली तर तोंडातला घास काढून टाका, मग हॉटेल कितीही महाग असो.

गोड्या पाण्यातला मासा, म्हणजे रोहू, कटला, मरळ, गंगापूर धरणाचा असो की बाजारातला, कच्चा कधीही नाही. त्यातले कृमी वेगळे.

तुळशीपत्र
शाकाहाऱ्यांचं काय? टेबलावर एक जण तरी असतोच, आणि 'सगळ्यांनी अनलिमिटेडच घ्यायचं' या नियमात तो भरडला जातो.

शिळोप्याची_सई
तुळशीपत्र, यावर सविस्तर लिहायला हवं, कारण मेन्यूवरचा हिरवा ठिपका इथे बऱ्याचदा अपुरा पडतो.

आधी निर्धास्त मिळणारं: काकडीचा बारीक रोल, अवोकॅडो रोल, पिवळ्या मुळ्याच्या लोणच्याचा रोल, शतावरी (अ‍ॅस्परॅगस), टोफू, मीठ लावलेल्या उकडलेल्या सोयाशेंगा. नोरी समुद्री शेवाळ आहे, मासा नाही.

आता न दिसणारं. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी नावाचं पाणी, आणि ते बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांचं असतं. ते कुठे कुठे जातं पाहा: मिसो सूप, टेम्पुराबरोबरची पातळ बुडवणी, टोफूवर ओतलेला रस, वाफवलेलं अंड्याचं कस्टर्ड, आणि इनारी. इनारी म्हणजे तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात; दिसायला शुद्ध शाकाहारी, पण पिशवी त्याच पाण्यात शिजवलेली असते. दाशीची पूड वापरली तरी ती बहुधा बोनिटोचीच. कोंबू या समुद्री शेवाळाची किंवा शिताके अळंबीची दाशी शाकाहारी असते. म्हणून 'व्हेज आहे का?' असं विचारू नका, उत्तर हो येणारच. 'दाशी कशाची आहे?' हे विचारा. वेटरला माहीत नसेल तर आत विचारून येऊ दे.

पुढे: टेम्पुऱ्याच्या पिठात अंडं असतं आणि कढई कोळंबीचीच असते. जपानी मेयोनीजमध्ये पिवळा बलक. 'क्रॅब स्टिक' म्हणजे माशाचा लगदा, अंड्याचा पांढरा आणि गव्हाचा स्टार्च. तो खेकडाही नसतो, शाकाहारी तर नाहीच. नारिंगी दाणे शोभेला भुरभुरलेले असतात ती माशाची अंडी. भातावरच्या रंगीत मसाल्यात बोनिटो. ईलवरचा गोड घट्ट सॉस व्हेज रोलवरही रेघा मारायला वापरतात, त्यात ईलचा अर्क असू शकतो. आणि बांबूची चटई, सुरी, हातमोजे: गर्दीच्या वेळी आचारी व्हेज रोलसाठी हे बदलेल अशी अपेक्षा ठेवू नका, सांगितलं तरच बदलेल. शाकाहारी रोल पहिल्या फेरीत, एकत्र मागवा, म्हणजे स्वच्छ फळीवर सलग होतात.

जैन असतील तर आलं (ताटलीतलं गुलाबी लोणचं आल्याचंच), गाजर, मुळा आणि वासाबीची हिरवी पेस्टही गेली, कारण तीही मुळाचीच. उरतं काकडी, अवोकॅडो, सिमला मिरची, शतावरी, टोफू. तेवढ्यासाठी पूर्ण दर देऊ नये हे माझं स्पष्ट मत. शाकाहारी वेगळा दर नसेल तर अशा टेबलाने सुट्ट्या मेन्यूवर जेवावं.

तुळशीपत्र
आणि श्रावणात?

शिळोप्याची_सई
श्रावणात मांसाहारी गिऱ्हाईक कमी होतं, म्हणजे मासा कमी फिरतो. पाळणारे जाणार नाहीत. न पाळणाऱ्यांनी त्या महिन्यात साशिमीऐवजी शिजवलेलं मागवावं. सोमवार, गुरुवार, शनिवार हे उपासाचे वार त्यातही मंद. ज्या स्वयंपाकघरात मासा भराभर संपतो तिथेच अनलिमिटेडला अर्थ आहे.

पंचवटीकर_पंत
बाकी ही अनलिमिटेडची खादाडी अमेरिकेची. जपानी माणूस असं जेवत नाही.

जुनाट
जेवतो, पंत. टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने १९५८ मध्ये हवं तितकं खा अशा बुफेचं रेस्टॉरंट उघडलं आणि तिथून तो प्रकार जपानभर पसरला. योगायोग असा की त्याच वर्षी योशिआकी शिराइशी यांनी ओसाकाजवळ फिरत्या पट्ट्यावरची पहिली सुशी सुरू केली. बिअरच्या कारखान्यातला बाटल्यांचा पट्टा पाहून त्यांना ते सुचलं. पट्टा सेकंदाला सुमारे ८ सेंटिमीटर सरकतो: याहून वेगात सरकला तर भात सुकतो, मंद झाला तर गिऱ्हाईक कंटाळतं. पण पट्टा दिसला म्हणून अनलिमिटेड समजू नका. तिथे ताटलीच्या रंगावर पैसे असतात, शेवटी ताटल्या मोजून बिल.

वाफाळ
खायच्या रीतीबद्दल थोडक्यात, कारण याचा चवीशी संबंध आहे. निगिरी हाताने खाल्लेली चालते, उलट बरी. उलटी करून माशाची बाजू सोया सॉसला टेकवा. भात बुडवला की तो सॉस शोषतो, फुटतो आणि खारट होतो. वासाबी सॉसमध्ये कालवण्यापेक्षा माशावर टिकलीएवढी. आलं सुशीवर ठेवायचं नसतं, दोन प्रकारांमध्ये तोंड साफ करायला असतं. बहुतेक ठिकाणची 'वासाबी' म्हणजे हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग, त्यामुळे ती थेट नाकात जाते. खरी वासाबी किसून लगेच वाढतात आणि पाव तासात तिचा दम जातो. अनलिमिटेडमध्ये ती मिळणार नाही.

क्रम: फिक्या चवीचा पांढरा मासा, मग सामन-ट्यूना, मग ईल आणि मेयोनीजचे रोल. उलट केलंत तर साशिमी पाण्यासारखी लागेल. नोरीचा कोन (आइस्क्रीमच्या कोनासारखी गुंडाळी) आला तर बाकी सगळं सोडून तो खा, दोन-तीन मिनिटांत नोरी चिवट होते आणि दाताने ओढावी लागते. काड्या भातात उभ्या खोचू नका, काडीहून काडीला घास देऊ नका. दोन्ही त्यांच्याकडे अंत्यविधीशी जोडलेलं आहे.

'डायनामाइट', 'ड्रॅगन', 'व्होल्कॅनो' अशा नावांचे, तीन सॉस ओतलेले रोल हे हॉटेलचं पोट भरायचं साधन. सॉसखाली मासा कसा आहे कळत नाही, आणि जो मासा साशिमीला चालत नाही तो तिथे बारीक चिरून जातो. एखादा घ्या, मुलांना आवडतो. त्यावर टेबल भरू नका.

द्राक्षवेल
नाशिकचा धागा आणि वाइन नाही, असं कसं?

सुला_नव्हे_सुलभा
शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ यांपैकी एखादी पांढरी वाइन, चांगली गार. वासाबी आणि गोड सॉस असतील तर थोडी गोडसर शेनिन बरी. फसफसणारीही चालते, तळलेल्या टेम्पुऱ्याबरोबर तर छानच. शिराझसारखी लाल वाइन माशाबरोबर घेतली की तोंडात गंजासारखी, उग्र मासळी चव राहते. वाइनमधल्या लोहामुळे ते होतं. बिअर घ्यायची तर एक. फेसाळ पेयं आणि अनलिमिटेड यांचं जमत नाही, गॅसनेच पोट भरतं. त्यापेक्षा कोरा हिरवा चहा.

सातपूरकर
बिलाचं. समजा दर १२०० रुपये. स्वतंत्र रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, म्हणजे १२६०. रोज ७५०० रुपयांवर भाडं असलेल्या खोल्यांच्या हॉटेलातलं रेस्टॉरंट असेल तर १८ टक्के, म्हणजे तेच ताट १४१६. मद्यावर जीएसटी नाही, व्हॅट वेगळा लागतो. १० टक्के सेवा शुल्क आपोआप जोडलेलं दिसलं तर ते काढायला सांगता येतं: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तेच सांगतात आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. शब्दाने वाद न घालता व्यवस्थापकाला सांगा, नाही ऐकलं तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे. बिलावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक असायला हवा, तोही बघत जा.

आईची_माया
गरोदर बाई बरोबर असेल तर? आणि लहान मुलं, मधुमेही आजोबा?

शिळोप्याची_सई
गरोदरपणी कच्चा मासा नको, धुरावलेला थंड सामनही नको (लिस्टेरिया या जंतूचा धोका). बिगआय ट्यूना शिजवलेलाही टाळावा, त्यात पारा जास्त. शिजवलेली कोळंबी, ईल, अंड्याची वडी, भाज्यांचे रोल चालतील, फक्त वेगळ्या फळीवर करायला सांगा. पाच वर्षांखालच्या मुलांनाही कच्चं देऊ नये. यकृताचे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे यांनीही नाही.

आजोबांच्या बाबतीत अडचण माशाची नाही, वर भाताचा हिशोब यांनी लिहिलेल्या साखरभाताची आहे. त्यांना साशिमी, सोयाशेंगा, आणि भाताशिवाय काकडीत गुंडाळलेले रोल असतात ते मागवा. गहू चालत नसेल तर साधा सोया सॉसही बाद, त्यात गहू असतो. तामारी (बहुधा बिनगव्हाचा सोया सॉस) मागा, त्यातही लेबल बघून.

नाशिकरोडचा_राजा
शेवटचं विचारतो. अनलिमिटेडचं पार्सल नाही हे कळलं. सुटी सुशी मुंबईहून बांधून गाडीने नाशिकला आणली तर?

थंडपेटी
कच्च्या माशाची नको. साडेतीन-चार तासांचा रस्ता, वाटेत थांबाल ते वेगळं, आणि एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत तापमान किती चढतं ते सांगायला नको. कच्च्या माशाला बाहेर दोन तास ही मर्यादा धरा, पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच. बर्फाच्या डब्यात ठेवलीत तर मासा वाचेल पण भात टणक होईल, आणि गरम करून तो सुधारायला गेलात तर मासा शिजेल. काकडी-अवोकॅडोचा रोल आणा, नोरी चिवट झालेली चालत असेल तर. न कापता अख्खा आणा, घरी ओल्या सुरीने कापा, प्रत्येक कापानंतर सुरी पुसून.